मास्तरांची मांजरं

"ब्रेक का मारलात?"

"मांजर होतं."

"कुठं?"

"होतं. गेलं."

"अहो, एवढं मोकळं पटांगण. मुंगी चालली तरी दिसेल. इथं मांजर येईल कुठून आणि जाईल कुठं?"

"तुझं लक्ष नव्हतं म्हणून दिसलं नाही. गाडी चालवणाऱ्याने समोर बघायचं असतं, नवऱ्याशी भांडायचं नसतं."

"समोरच बघत होते! तुम्ही ब्रेक मारलात म्हणून तुमच्याकडे वळले. आधी ब्रेक, मग भांडण. क्रम चुकवू नका." काकूने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि आरशातून मला पकडलं. "तू सांग गं. मागे बसलीयस ना? होतं मांजर?"

"मी खिडकीबाहेर बघत होते," मी म्हणाले. ते खरंही होतं, आणि सोयीचंही.

"बघ!" काका म्हणाले.

"काय बघ? तिने काहीच बघितलं नाही म्हणतेय ती!"

"तेच म्हणतोय. दोघींचंही लक्ष नाही. गाडीत एकच माणूस जागा आहे, आणि तोच आजारी आहे. चल, क्लच दाब. पहिला गियर."

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बाकी जगाला ते मास्तर. शहरात गाडी चालवणाऱ्यांपैकी जे सिग्नलला वेळेवर थांबतात ते मास्तरांचे, आणि जे थांबत नाहीत ते दुसऱ्या कुणाचे तरी, असं त्यांचं साधं गणित होतं. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली आणि जन्मभर डावीकडच्या सीटवर बसले. त्या सीटखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक होता. शिकणाऱ्याच्या पायाला ब्रेक सापडला नाही तर मास्तरांचा पाय तिथं आधीच पोचलेला असे. "ब्रेक म्हणजे माफी," ते सांगत. "वेळेवर मागितली तरच उपयोग."

पण तो पाय नोकरीवरून घरी आला तरी सुटीवर जात नसे. सिनेमात नायकाने गाडी पळवली की पुढच्या खुर्चीला लाथ बसे. दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल सुरू झालं की यांचा उजवा पाय ताठ. नातेवाइकांच्या गाड्यांमध्ये पुढच्या सीटपुढची चटई एकाच जागी झिजलेली असे. काकूच्या भावाच्या गाडीत तर ती फाटली. त्याने फाटकी चटई घरी आणून दाखवली. काका म्हणाले, "चटई मी फाडली नाही, तुझ्या चालवण्याने फाडली. मी फक्त पाय ठेवला होता."

आणि दुसऱ्याच्या गाडीत ते कधी झोपले नाहीत. लांबच्या प्रवासात सगळी गाडी माना टाकून घोरत असे आणि काका पुढच्या सीटवर, काळा चष्मा लावून, टक्क जागे. तो काळा चष्माही धंद्यातला. मास्तर कुठे बघतायत ते शिकणाऱ्याला कळता कामा नये. मास्तर आरशाकडे बघतायत की घड्याळाकडे की त्याच्या थरथरत्या गुडघ्याकडे, कळलं की तो रस्ता सोडून मास्तरांकडेच बघायला लागतो.

या माणसाने स्वतःच्या बायकोला मात्र गाडी शिकवली नव्हती. लग्न झाल्या झाल्या तिने विचारलं होतं. "घरच्या माणसाला शिकवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे," काका म्हणाले. त्यांच्या बघण्यातल्या एका जोडप्याने म्हणे रिव्हर्स शिकता शिकता सगळा संसारच रिव्हर्स घातला होता. काकू म्हणाली, "मग घरचं जेवायचं नाही, असाही नियम काढा." तो विषय तिथंच मिटला. म्हणजे मिटला असं काकांना वाटलं.

आजार काकांच्या हाडांत उतरला, कंबर आणि मणका धरून बसला, आणि मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून, जे सांगायचं ते सांगितलं. आता बरं करायचं औषध नाही, पण दुखणं आवरायचं आहे, आणि ते घरी राहूनही होईल. परत येताना गाडी काकूचा भाऊ चालवत होता. तो बोलताना हात सोडून बोलतो, आणि तो सतत बोलतो. घरी पोचल्यावर काकांनी आजाराबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाले, "मी गेल्यावर तू ह्याच्या गाडीतून हिंडणार. म्हणजे महिन्याभरात माझ्यामागोमाग येशील. उद्यापासून शिकवणी."

"आणि धंद्यातला नियम?"

"धंदा बंद केला."

धंदा खरं तर मास्तरीण चालवत होती. ही काकांची जुनी विद्यार्थिनी. कधीकाळी काकांच्याच हाताखाली तिने एक दुधाची गाडी आणि एक टपालपेटी आडवी केली होती. आता ती सगळ्या ड्रायव्हिंग शाळेची मालकीण. शाळेची दोन ब्रेकवाली जुनी गाडी तिने आमच्या दारात आणून ठेवली आणि किल्ली खुंटीला अडकवली. "मास्तर, तुमचीच आहे," म्हणाली, आणि टेबलावरची बिस्किटं संपवून गेली.

मला मागे बसवण्यात आलं, कारण काकांचं तत्त्व असं की मागच्या सीटवर जिवंत माणूस असल्याशिवाय शिकणाऱ्याला आरशाची सवय लागत नाही. "रिकाम्या सीटकडे कोण बघतं?"

घरी येणाऱ्या सिस्टर दुखणं-निवारणाच्या पथकातल्या. दर दोन-तीन दिवसांनी स्कूटरवर यायच्या. काका पलंगावरून खिडकीतून त्यांचं पार्किंग बघायचे, आणि त्या दार उघडून आत येईपर्यंत निकाल तयार असे.

"सिस्टर, पुढचं चाक गटारात आहे."

"गटाराच्या काठावर आहे."

"पडल्यावर आतच जाणार."

"पडल्यावर बघू. आज दुखणं दहापैकी किती?"

"दहा कसले? गियर पाच असतात."

सिस्टरांनी कपाळाला हात न लावता ते मान्य केलं. त्या दिवसापासून दुखणं गियरमध्ये मोजलं जाऊ लागलं. पहिल्यात असेल तर पेपर वाचता येतो. तिसऱ्यात असेल तर पेपर हातात असतो. पाचव्यात असेल तर पेपर कुठे पडला ते माहीत नसतं.

पहिल्या आठवड्यात सिस्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. दुखणं उतरलं, पण काकाही त्याच्याबरोबर उतरले. दुपारी सूप पिताना चमचा तोंडाच्या वाटेवर थांबला आणि काका तिथंच. काकूने हनुवटी पुसली. जागे झाल्यावर त्यांनी आधी सूपकडे बघितलं, मग काकूच्या हातातल्या रुमालाकडे. त्यांचा चेहरा एखाद्या माणसाने भर चौकात गाडी बंद पाडावी तसा झाला.

"माझी तक्रार लिहून घ्या," पुढच्या खेपेला त्यांनी सिस्टरांना सांगितलं. "डुलकी मला चालते. डुलकी माणूस स्वतः घेतो. पेंग आपली आपण येते, पण चहा दाखवला की जाते. झापड जरा आडदांड, तिला दोन गालांत माराव्या लागतात. पण ही तुमची गुंगी! ही विचारत नाही, हॉर्न देत नाही, दार उघडून सरळ माझ्या सीटवर येऊन बसते. मग मी कुठे बसायचं?"

"सुरुवातीला येते," सिस्टर म्हणाल्या. "शरीर नवं असतं गोळीला. बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. नाहीच झाली तर डॉक्टर मात्रा बदलतात, गोळी बदलतात, करण्यासारखं पुष्कळ असतं. पण आपल्या मनाने एकही गोळी चुकवायची नाही. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. आरसा न बघता "बघितला" म्हणणारे विद्यार्थी त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांना ते बरोबर जमलं.

दोनच दिवसांत काका ताजेतवाने झाले. सकाळी दाढी, काळा चष्मा, डावीकडच्या सीटवर पाठीला उशी. काकूला वाटलं, सिस्टर म्हणाल्या तसंच झालं. मलाही वाटलं. आणि त्याच सुमाराला पटांगणात मांजरं यायला लागली.

पटांगण म्हणजे जुन्या गोदामांमागचा सिमेंटचा सपाट तुकडा. पूर्वी तिथं ट्रक उभे राहत, त्यांचे पांढरे पट्टे अजून होते. तिथपर्यंत गाडी मास्तरीण आणून द्यायची आणि शिकवणी संपली की परत न्यायची. काकू सुरुवातीला बरी चालवायची. जरा जास्तच सावकाश. काका म्हणाले होते, "एवढ्या हळू तर गाडी ढकलतसुद्धा नाहीत." पण ती चुकत नव्हती. मग एकाएकी ती सारखी चुकायला लागली. वळणावर, खच्चकन ब्रेक. "कुत्रं." सरळ पट्ट्यावर, ब्रेक. "चेंडू आला होता." एकदा तर एक सायकलवाला येऊन गेला. मी शपथेवर सांगते, त्या पटांगणात आमच्याशिवाय होते ते फक्त रंगाचे रिकामे डबे, आणि ते मीच मांडले होते.

"मला दिसतच नाही," काकू घरी येऊन स्वयंपाकघरात माझ्यापाशी म्हणाली. तिने भांडी घासायचा नळ मोठा सोडला होता, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "एवढं मोठं कुत्रं, आणि मला दिसलं नाही. उद्या रस्त्यावर एखादं पोर असेल गं. मी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय."

"काकू, कुत्रं मलाही दिसलं नाही."

"तू खिडकीबाहेर बघत असतेस." तिने नळ बंद केला. "मी सोडून देणार आहे शिकायचं. त्यांना सांगू नकोस. त्यांच्या जिवाला लागेल. आपणच हळूहळू टाळायचं."

काकू हळूहळू टाळणार, आणि काका घाईघाईने शिकवणार. दोघं एकमेकांसाठीच करत होते, म्हणून तर दोघांनाही थांबवता येईना.

ज्या सकाळी मांजर सापडलं त्या सकाळी रिव्हर्स चालू होतं. दोन डब्यांच्या मधून गाडी मागे घ्यायची. काकूने एक डबा चेपला. "उतर. उतरून बघ, किती अंतर चुकलं ते. कल्पनेने पार्किंग करायचं नसतं." काकू उतरली, मीही उतरले. इंजिन बंद. हँडब्रेक वर. आभाळ आलेलं होतं, त्यामुळे गोदामाची मागची भिंत काळपट दिसत होती. काकू वाकून डब्याला आलेला पोचा बघत होती.

एकदम भिंत लाल झाली.

आम्ही दोघींनी वर बघितलं. गाडीचे मागचे दोन्ही दिवे लागले होते. मग विझले. पुन्हा लागले, आणि या खेपेला बराच वेळ तसेच राहिले, कुणी दात आवळून धरावेत तसे.

काकूने काय करावं? तिने खरोखर वाकून गाडीखाली बघितलं. मांजर नव्हतं. मग ती सरळ उभी राहिली, तोंडावर आडवा हात धरला आणि दिव्यांकडे बघत राहिली. लागले. विझले. लागले. मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने माझा दंड धरला. शांतपणे चालत ती काकांच्या खिडकीपाशी गेली. काका दारावरचा दांडा धरून बसले होते. काळ्या चष्म्याखाली गाल खडूसारखे पांढरे.

"आता कुठलं मांजर?" तिने विचारलं.

काकांनी समोरून मान वळवली नाही. त्यांचा हात समोरच्या ॲशट्रेवर जाऊन बसला. "बोका होता," ते म्हणाले.

काकूने दार उघडलं, त्यांच्या गुडघ्यांवरून हात घातला आणि ॲशट्रे ओढला. काकांनी उभ्या आयुष्यात सिगारेट ओढली नाही. त्या ॲशट्रेत पेपरमिंट असायच्या, घाबरलेल्या विद्यार्थ्यांसाठी. आता त्यात पेपरमिंटच्या शेजारी गोळ्या होत्या. सगळ्या सकाळच्या.

"हे काय आहे?"

"पेपरमिंट."

"आणि हे?"

"ते पण... जरा कडू लागतं."

"मी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय!" काकू ओरडली. पटांगणभर आवाज घुमला. "मला वाटलं मी आंधळी झाले! स्वप्नात मांजरं येतात माझ्या! तुम्हाला कळा येतायत आणि चुका माझ्या खात्यावर?"

"मग काय करू? गोळी घेऊन बसू ह्या सीटवर? पेंगत? तू खांबाकडे जाशील आणि मी सूपाच्या चमच्यासारखा लटकलेला असेन!" काकांनी चष्मा काढला. डोळे लाल होते. "कळ आली तर मी नको तेव्हा ब्रेक मारतो. मान्य. गुंगी आली तर हवा तेव्हा मारणार नाही. तूच सांग, दोन्हींतला कोणता मास्तर हवा तुला?"

 काकू गाडीला वळसा घालून चालकाच्या सीटवर बसली, आणि पटांगणातून फाटकापर्यंत गाडी घेऊन गेली. फाटकाशी थांबून तिने मास्तरणीला फोन केला आणि गाडी घरापर्यंत न्यायला बोलावलं. घरी येताना वाटेत एकदा काकांच्या बाजूचा ब्रेक लागला. मास्तरणीने गाडी पुन्हा पहिल्या गियरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. स्कूटर आडवी लावली. काका काही बोलले नाहीत, तेव्हाच त्यांना कळलं. काकूने गोळ्या बशीत मांडून पुढे ठेवल्या, चहाबरोबर बिस्किटं ठेवावीत तशा.

सिस्टर रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बशीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बसल्या. "माझीही चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी दुखतं किती ते विचारत राहिले. जागं कशासाठी राहायचंय, ते विचारलंच नाही. सांगा."

काकांनी जरा चाचपून बघितलं, की हा परीक्षेतला प्रश्न आहे की खरा. मग म्हणाले, "सकाळी शिकवणी. तेवढं लख्ख हवं. दुपारी थोडं दुखलं तरी चालेल, पण डोकं माझं पाहिजे. संध्याकाळी मला न्यूट्रलमध्ये टाका, माझी हरकत नाही. आणि हिचा भाऊ आला की..."

"की?"

"की अख्खी बाटली द्या."

"अहो!" काकू म्हणाली.

"लोक वेगवेगळं मागतात," सिस्टर म्हणाल्या. "कुणी म्हणतं मला काही कळू देऊ नका, झोपवा. कुणाला नातवंडं येतात तेवढा वेळ जागं राहायचं असतं, मग थोडं दुखलं तरी त्यांना चालतं. तुमचं तुम्ही ठरवा, मी डॉक्टरांशी बोलते. पण एक सांगू? शिकवणीच्या धंद्यातलं मला काही कळत नाही."

"ते तुमच्या पार्किंगवरून दिसतंच."

"कळ आली की पाय नको तेव्हा दाबला जातो. गुंगी आली तर हवा तेव्हा दाबला जाणार नाही. हे तुम्हीच म्हणालात ना? काकूंनी सांगितलं मला."

"म्हणालो."

"मग गोळी घ्या नाहीतर घेऊ नका, पाय तुमच्या हुकमात नाहीच. दोन ब्रेकवाल्या सीटवर असा माणूस तुम्ही बसू दिला असता?"

इथे एक सांगायला हवं. मास्तरांकडे फक्त शिकणारे येत नसत. म्हाताऱ्या माणसांना त्यांची मुलं घेऊन येत. "मास्तर, बाबांना तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाहीत." काका त्या बाबांच्या शेजारी बसून एक फेरी मारत. गाडी थांबली की काही बोलत नसत. फक्त तळहात पुढे करत. बाबा थोडा वेळ त्या हाताकडे बघत, आणि मग त्यावर किल्ली ठेवत. जोरात भांडणारे, दरडावणारे, मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले, सगळे ठेवत.

 सिस्टरांचा प्रश्न संपला तशी काकू पलंगाशी आली. तिने तळहात पुढे केला.

काका त्या हाताकडे बघत राहिले. "किल्ली खुंटीला आहे," ते म्हणाले.

काकूचा हात तसाच.

मग त्यांनी उशाशी ठेवलेला काळा चष्मा उचलला, चादरीने काच पुसली, ती जास्तच मळली, आणि तो तिच्या हातावर ठेवला.

"परत मागणार नाही," ते म्हणाले. "पण त्या सीटवर मास्तरीणच बसेल. तुझा भाऊ नाही."

पुढचे काही दिवस सिस्टर आणि डॉक्टर यांची फोनवर खलबतं चालली. गोळीची मात्रा जरा बदलली, वेळा बदलल्या. कळ अचानक उसळली तर घ्यायला एक वेगळं, लवकर लागू पडणारं औषध छोट्या बाटलीत आलं. काका आधी दोन दिवस पुन्हा सूपात पडले. या खेपेला त्यांनी ते सहन केलं. एक फायदाही झाला. काकूचा भाऊ भेटायला आला आणि कुठल्याशा टोलनाक्याची गोष्ट सांगायला लागला. काकांचे डोळे मिटले. तो हळूच उठून, चपला हातात घेऊन, पाय न वाजवता गेला. दार लागलं तसे काकांनी डोळे उघडले. "गेला?"

"म्हणजे झोपला नव्हतात?" मी विचारलं.

"गुंगी कधी येईल सांगता येत नाही," काका म्हणाले. "आजाराचा काहीतरी उपयोग नको?"

मग ती खरंच ओसरली. सकाळी पेपर वाचून त्यावर ते आम्हाला प्रश्न विचारायला लागले. दुखणं बहुतेक वेळ पहिल्या गियरमध्ये, कधी दुसऱ्या. आणि एका सकाळी ते म्हणाले, मलाही यायचंय.

ते स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसले. दोन उशा, एक कंबरेला, एक काखेत, सिस्टरांनी दाखवल्याप्रमाणे. मी शेजारी, छोटी बाटली घेऊन. पुढे मास्तरीण, पर्समध्ये बिस्किटं. आणि स्टिअरिंगवर काकू. या वेळी पटांगण नाही, रस्ता.

"इथून फार वेगळं दिसतं," काका म्हणाले.

"कसं?"

"काहीच दिसत नाही. डोकी दिसतात. मागचे लोक एवढी वर्षं बसत कसे होते?"

पहिल्या चौकात त्यांचा पाय ताठ झाला. पुढच्या सीटची पाठ दबली. "मास्तर, लाथा नकोत," मास्तरीण म्हणाली. दुसऱ्या चौकात नुसता अंगठा हलला. काकू सिग्नलला थांबली, निघाली, एका बसला वाट दिली, एका रिक्षेला दिली नाही. मास्तरीण खिडकीबाहेर बघत बिस्किट खात होती. तिचा पाय ब्रेकवर होता, पण तो तिथं नुसता ठेवलेला होता. मग पुलावरचा लांब सरळ रस्ता आला. इंजिनाचा आवाज एका सुरात लागला. मी काकांकडे बघितलं, कळ वगैरे नाही ना म्हणून.

काका झोपले होते.

मान माझ्या खांद्याकडे, तोंड किंचित उघडं, उजवा पाय चटईवर सैल, पंजा बाहेर वळलेला. डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे काही शंकाच नव्हती. मी वर बघितलं तर आरशात काकूचे डोळे. रस्त्यावरून आरशात, आरशातून रस्त्यावर. तिने वेग कमी केला नाही, वाढवला नाही. पूल संपला, गोल चौक आला, तिने हॉर्न न वाजवता तो पार केला.

घरासमोर गाडी थांबल्यावर काका जागे झाले. "पुलापर्यंत आलो का?" त्यांनी विचारलं.

"उतरा," काकू म्हणाली.

तेव्हापासून काका पुलावर कशाने झोपले, हा वाद आमच्या घरात राहायलाच आला. काकांचं म्हणणं, गोळी. काकूचं म्हणणं, तिचं चालवणं. मधल्या काळात काकूने परीक्षा दिली. परीक्षक साहेबांनी विचारलं, शिकवलं कुणी? मास्तरीण म्हणाली, अर्धं मी, अर्धं मांजरांनी. साहेबांना कळलं नाही, पण परवाना मिळाला. तरीही काकूच्या लेखी खरा परवाना त्या पुलावरच अडकून पडला होता.

काल सिस्टर आल्या होत्या. छोटी बाटली तळाला आली होती, नवी हवी होती, आणि नेमकं ते औषध शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातच मिळतं.

"तुझ्या भावाला सांग," काका म्हणाले, आणि लगेच, "नको. टॅक्सी बोलाव."

"आणि हल्ली गुंगी?" सिस्टरांनी विचारलं.

"छे! सकाळी कसा लख्ख असतो. विचारा कुणालाही. तीन आठवड्यांत दिवसा डोळा लागलेला नाही."

"तीन आठवडे?" काकू वळली. "पुलाला तर पंधराच दिवस झाले."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "सिस्टर, तुमचं मागचं चाक..."

"अहो, चाक राहू द्या. गुंगी नव्हती म्हणता, मग त्या दिवशी माझ्या गाडीत काय होतं?"

"डुलकी होती."

"डुलकी माणूस स्वतः घेतो! तुमच्याच तोंडचं आहे! मर्जीची असते!"

सिस्टर ओठ दाबून पट्टीने रक्तदाब मोजत होत्या. त्यांनी आकडा दोनदा चुकवला.

"अगं, पण विचार कर," काका पलंगावर कोपरावर उठले. आवाज मास्तरांचा, पूर्वीचा. "मास्तरीण बिस्किट खातेय, मागे ही पोरगी तुझ्याकडे बघतेय, मी झोपलेला. गाडीत जागी तू एकटी. अशा वेळी समजा एखादं मांजर आडवं आलं असतं, तर काय केलं असतंस?"

काकूने खुंटीवरची किल्ली घेतली, औषधाची चिठ्ठी उचलली, काळा चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि दारातून बाहेर पडली.